अंतराची सबब

कोलकात्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : तुमचे घर किती लांब? याची उत्तरे दोन आहेत. हावड्याहून मुंबई लोहमार्गाने, नागपूरवरून, सुमारे १,९७० किलोमीटर; मेलगाडीने गेल्यास दोन रात्री व मधला एक दिवस प्रवासात जातो. विमानाने तेच अंतर सुमारे १,६५० किलोमीटर भरते आणि पावणेतीन तासांच्या आसपास संपते. हिवाळ्यात वरच्या थरांतील पश्चिमेचे वारे प्रबळ असल्याने घरी जाताना काही मिनिटे अधिक लागतात, परतताना कमी. सरकारी नोकराची रजा लांबू नये, असे वाऱ्यालाही वाटत असावे!

पूर्वी हे एवढे सोपे नव्हते. १९४९ साली रात्रीची टपालविमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत व थैल्यांची अदलाबदल करून परतत. पत्रे अशी एका रात्रीत पोचू लागली. सामान्य कारकुनाला मात्र आगगाडीवाचून गत्यंतर नव्हते. घरून तार आली तरी मुलगा तिसऱ्या दिवशी पोचे, आणि त्यास कोणी बोल लावीत नसे. दोष अंतराचा असे.

दोन वर्षांपूर्वी, मार्चअखेरीस, धाकट्या भावाचा दूरध्वनी आला : "दादा, बाबांना बरे नाही. जमल्यास येऊन जा." हिशेबाचे काम साचले होते, तिकीटही महाग होते. "पुढल्या आठवड्यात येतो," असे आम्ही कळविले. चौथ्या दिवशी पुन्हा दूरध्वनी आला. तो ऐकल्यापासून सात तासांत आम्ही दारात उभे होतो. परंतु वडील नव्हते. आमचे उरलेले काम शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने बिनबोभाट पुरे केले होते.

भेटावयास आलेले आप्त म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार? इतक्या लांब राहता!" आम्ही मान हलविली. ते मान हलविणे आजही आम्हांस बोचते.

प्रत्येक निरोपासरशी धावत सुटावे, असे आमचे म्हणणे नाही. विमानाचे भाडे हेही एक अंतरच आहे, आणि अल्प वेतनाच्या माणसाला ते नाकारता येत नाही. शिवाय कर्तव्य कचेरीतही असतेच. परंतु जेथे जाणे शक्यच नव्हते तेथे न जाण्यात अपराध नव्हता. आता शक्य असून आम्ही जात नाही, तेव्हा तो आमचा निर्णय असतो. तो कधी योग्य असेल, कधी चुकेल. पण त्याचे ओझे किलोमीटरांवर टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

आई अधूनमधून विचारते, "कधी येतोस?" आम्ही हल्ली "लांब पडते" असे म्हणत नाही. "या महिन्यात येत नाही," असे म्हणतो. तिला ते ऐकणे जड जाते, आम्हांस उच्चारणे त्याहून जड जाते. आणि म्हणूनच बहुधा पुढील महिन्यात आम्ही जातो.