साचा आणि आखणी

पेणला कराटेचा वर्ग संपला की आम्ही पाचसहा जण मागे थांबतो आणि भिंतीला टेकवलेले बोक्केन उचलतो. बोक्केन म्हणजे जपानी तलवारीच्या मापाची लाकडी तलवार, साधारण साडेतीन फुटांची. दोघे रोह्याहून येतात. त्यांचं अर्धं लक्ष परतीच्या गाडीकडे. तेवढ्या वेळात एकच वार, डोक्यावरून सरळ खाली, शंभरदा. समोर कुणीच नसतं.

पहिलं वर्षभर मला याचा कंटाळा यायचा. हालचालींच्या ठरावीक क्रमाला जपानीत ‘काता’ म्हणतात. पाऊल किती, मनगट कुठे, श्वास केव्हा, सगळं ठरलेलं. यात आपलं स्वतःचं काय, असं वाटायचं. मग कळलं, काता या शब्दाचा एक अर्थ साचा असाही आहे. पेणमध्ये राहून साच्याला नावं ठेवायची, म्हणजे अतीच झालं!

इथल्या गणपतीच्या कारखान्यांत एकेका साच्यातून कितीतरी मूर्ती निघतात. सांधे ओल्या बोटांनी पुसायचे, वाळवायचं, रंगवायचं. डोळ्यांची आखणी शेवटी. ती मुरलेल्या हाताकडेच जाते. शेजारच्या काकांना एकदा आखणी करताना पाहत होतो. कुंचला टेकवण्याआधी त्यांनी श्वास रोखला, भुवईची रेघ एका दमात ओढली आणि मगच सोडला.

“काका, चुकली तर?”

“पुसता येते. पण पुसलेली कळते.”

त्या दिवसापासून शंभर वार मला लांब वाटले नाहीत.

“आपला दांडपट्टा सोडून हे जपानी कशाला?” असं लोक विचारतात. प्रश्न रास्त आहे. पट्ट्याची मूठ हाताला कोपरापर्यंत झाकते. मनगट वळत नाही, म्हणून सगळं अंग फिरवावं लागतं. जपानी तलवार दोन्ही हातांनी धरायची. जोर डाव्याचा, उजव्याने फक्त दिशा द्यायची. दोन्हींचं व्याकरण निराळं, नशीब मात्र सारखं. जपानने १८७६ साली सैनिक-पोलीस वगळता इतरांना तलवार बांधून फिरायला बंदी केली. आपल्याकडे १८७८ चा शस्त्र कायदा आला. पातं कमरेवरून उतरलं, तालीम उरली. तिकडे डोजोत, म्हणजे तिथल्या तालमीत, काता, इकडे कोल्हापूरच्या तालमींत मर्दानी खेळ. लढाई गेली तरी विद्या टिकली, ती साच्याने धरून ठेवली म्हणून.

पण साचा अंग देतो, नजर देत नाही. इआइदोत, म्हणजे म्यानातून तलवार उपसण्याच्या विद्येत, नजर दूरच्या डोंगराकडे पाहावं तशी ठेवायला सांगतात. समोरच्याच्या पात्यावर ती खिळली की बाकीचा माणूस दिसत नाही. एखाद्या रविवारी आम्ही रोह्याला कुंडलिकेच्या काठी सराव करतो. समोर डोंगर असतात; माझी नजर मात्र बोक्केनच्या टोकाशीच घुटमळते.

परवा काका वर्गाच्या दारात उभं राहून बराच वेळ बघत होते. मी घाम पुसत विचारलं, “कसं वाटलं?”

“अंग बरं निघालंय,” ते म्हणाले, “आखणी राहिलीय.”