पाऊस, पंच आणि पैज

भविष्य जाणण्याची इच्छा मनुष्यास जन्मजातच असते आणि ती स्वभावतः निंद्य नव्हे. शेतकरी आभाळाकडे पाहतो, दर्यावर्दी वाऱ्याचा रोख पाहतो, आणि आमच्या गोमंतकातील भाविक देवाला लावलेली पाकळी उजवीकडून पडते की डावीकडून, हे पाहत हात जोडून कौल मागतो. परंतु या इच्छेला लोभाची जोड मिळाली म्हणजे तिचे रूप कसे पालटते, हे पाहावयाचे असेल तर फुटबॉलच्या सामन्यांवर लागणाऱ्या पैजांकडे पाहावे. त्या पैजांचे आडाखे बांधणारे लोक संघांच्या बळाबरोबरच दोन गोष्टी विशेष हिशेबात धरतात. एक हवामान आणि दुसरी पंच. या दोहोंना एकाच रकान्यात मांडण्यात एक मोठा नैतिक प्रमाद दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

दोहोंचा प्रभाव खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. हंगेरीचा संघ चार वर्षे अजिंक्य होता आणि त्याच स्पर्धेत त्याने पश्चिम जर्मनीचा ८–३ असा पराभव केला होता. त्या दिवशी मात्र पाऊस लागला. जर्मन खेळाडूंच्या बुटांना मैदानाच्या स्थितीप्रमाणे बदलता येणारे खिळे होते. चिखलात त्यांचे पाय ठरले. पहिल्या आठ मिनिटांतच दोन गोल करणारी हंगेरी अखेर ३–२ अशी हरली. शेवटच्या काही मिनिटांत पुश्काशने चेंडू जाळ्यात धाडला होता. परंतु सीमापंचाचे निशाण वर गेले आणि तो गोल ऑफसाइड ठरला. त्या निर्णयाचा वाद पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. एकाच सामन्यात आभाळ आणि पंच या दोघांनी जाणत्यांचे भाकीत धुळीस मिळविले, असे म्हणता येईल.

तेव्हा सट्टेवाला विचारील : पाऊस पडणार असेल तर आम्ही गोल कमी होतील असे धरतो, अमुक पंच वारंवार शिट्टी वाजवितो, म्हणून पेनल्टी अधिक मिळतील असे धरतो. यात वावगे ते काय? त्याच्या म्हणण्याला अभ्यासाचा आधारही आहे. स्पेनमधील सामन्यांविषयी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, यजमान संघ एका गोलाने मागे असेल तर पंच जादा वेळ अधिक देतात आणि तो पुढे असेल तर कमी देतात. २०२० साली महामारीमुळे सामने प्रेक्षकांविना झाले, तेव्हा पाहुण्या संघांस मिळणाऱ्या कार्डांचे प्रमाण घटल्याचे अनेकांनी नोंदविले. या पंचांनी लाच घेतली होती असे कोणी म्हणत नाही. हजारो कंठांचा गजर न्यायासनावर बसलेल्याच्या कानांतही शिरतो, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु नेमका येथेच भेद आहे. पावसावर कोणी कितीही पैसा लावला, तरी ढगाला त्याची वार्ता नसते. पंचाला असते. मनुस्मृतीने हा विवेक फार पूर्वी केला आहे. निर्जीव फाशांनी जे खेळले जाते ते द्यूत आणि सजीवांच्या झुंजीवर जे लावले जाते ते समाह्वय, अशी दोन नावे तिने दिली. फाशाला मोह नाही, म्हणून त्याला पापही नाही. सजीवावर पैज लागली की त्याच्या मनाच्या दाराशी एक प्रलोभन जाऊन उभे राहते.

याचे प्रत्यंतर जर्मनीत आले. २१ ऑगस्ट २००४ रोजी हॅम्बुर्गचा बलाढ्य संघ पाडरबोर्न या खालच्या श्रेणीतील संघाविरुद्ध २–० असा पुढे असूनही ४–२ असा हरला. पंच रॉबर्ट होयत्सर यांनी दोन संशयास्पद पेनल्ट्या दिल्या होत्या आणि हॅम्बुर्गच्या एका खेळाडूस मैदानाबाहेर काढले होते. पुढे उघड झाले की सट्टेबाजांनी त्यांना पैसे चारले होते. नोव्हेंबर २००५ मध्ये न्यायालयाने त्यांना दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा सुनावली. ज्यांनी ती पैज जिंकली त्यांना पंचाच्या वर्तनाचे भाकीत करावे लागले नाही. त्यांनी ते विकत घेतले.

यावर कोणी म्हणेल, 'चार आणे लावणारा सामान्य मनुष्य थोडाच लाच देतो?' नाही देत. परंतु लाच देणाऱ्याचा लाभ ज्या राशीतून निघतो, ती राशी अशाच चार-चार आण्यांची बनलेली असते. शिवाय पैज लावणाऱ्याच्या अंतःकरणात काय घडते तेही पाहावे. कौल मागणारा देवासमोर उभा राहतो तो मिळेल तो निर्णय शिरोधार्य मानण्यासाठी. डावा कौल मिळाला तरी तो देवाला दूषण देत नाही. पैज लावणाऱ्यास निर्णय नको असतो, अनुकूल निर्णय हवा असतो. न्याय्य पण प्रतिकूल शिट्टी त्याला अन्याय वाटते आणि अन्यायी पण अनुकूल शिट्टी त्याला गोड लागते. न्यायाची चव जिभेवरून जाणे, ही हानी गमावलेल्या पैशाहून मोठी होय.

पैजेला खेळाची किती गरज असते, याचा निवाडाही १९६३ साली होऊन गेला. त्या हिवाळ्यात इंग्लंडात असे हिम पडले की आठवड्यामागून आठवडे सामने रद्द झाले. निकालांचे भाकीत करण्याचा तेथील धंदा बसण्याची वेळ आली. तेव्हा २६ जानेवारी १९६३ रोजी लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ लंडनमध्ये बसले. त्यात टॉम फिनीसारखे नामांकित खेळाडू होते, आणि १९५४ च्या विश्वचषकात पंच असलेले आर्थर एलिसही होते. न झालेल्या सामन्यांचे निकाल काय लागले असते, हे त्यांनी बंद दालनात बसून ठरविले आणि त्यावर पैजा चुकत्या झाल्या. मैदान नाही, चेंडू नाही, घाम नाही. तरी व्यवहार पूर्ण! त्या सभ्य गृहस्थांनी लबाडी केली नाही. पण पैज हा खेळाचा रसास्वाद आहे, हा दावा त्या दिवशी हिमाखाली गाडला गेला.

गोमंतकात पावसाळी मैदानावर मुले चिखलात माखून खेळतात. तो पाऊस कोणाचा पक्षपाती नसतो. दोन्ही संघांना सारखाच भिजवितो. पंचानेही तसेच असावे, अशी आपली अपेक्षा असते. परंतु पंच हा मनुष्य आहे. त्याला निःपक्षपाती राहावयाचे तर प्रेक्षकांनीही त्याच्या शिट्टीवर आपली तिजोरी टांगता कामा नये. पावसाचा अंदाज खुशाल बांधावा. माणसाच्या सचोटीचा मात्र भाव लावू नये.