मुखसौंदर्य, शस्त्रक्रिया आणि विवेक

ईश्वराने दिलेल्या चेहऱ्यात मनुष्याने आपल्या हाताने फेरफार करावा की करू नये, हा प्रश्न पूर्वी पंडितांच्या वादापुरता होता. आता तो आपल्या घरात येऊ लागला आहे. स्वतःच्याच पोटावरील किंवा मांडीवरील थोडी चरबी काढून ती गालात, कपाळात अथवा डोळ्यांखाली टोचून बसविण्याची शस्त्रक्रिया मोठ्या शहरांतून नित्य होत असते. ती योग्य की अयोग्य, असे कोणी विचारले म्हणजे आपण एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतो. मीही एकदा तसेच उत्तर दिले होते. ते किती अपुरे होते हे पुढे कळले, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

चेहरा दुरुस्त करण्याची विद्या आपणांस परकी नाही. छिन्न झालेले नाक पुन्हा घडविण्याचा विधी सुश्रुतसंहितेत आहे. इ. स. १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात पुण्याकडील एक हकीकत प्रसिद्ध झाली. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला व तेथे त्याचे नाक कापले गेले. पुढे एका देशी कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्यास नवे नाक करून दिले. या रीतीच्या आधारे कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये लंडन येथे तशीच शस्त्रक्रिया केली. त्या गाडीवानाने नवे नाक करून घेतले म्हणून ईश्वरी इच्छेचा अपमान झाला, असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही.

चरबीच्या रोपणाचा आरंभही असाच एका दुखण्यातून झाला. १८९३ मध्ये नॉयबर या जर्मन शस्त्रवैद्याने एका रोग्याच्या हातावरील चरबीचे लहान तुकडे घेऊन त्याच्या चेहऱ्यावरील खोल गेलेला व्रण भरून काढला. तुकडे लहान असले तरच फळ चांगले येते, हेही त्याच्या ध्यानात आले होते. परंतु मनुष्यास सोपा मार्ग आवडतो. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या गेर्सूनीने व्हॅसलीनसारखे खनिज पदार्थ टोचण्याची रीत काढली आणि ती झपाट्याने पसरली. थोड्याच वर्षांत लोकांच्या चेहऱ्यांत कठीण गाठी झाल्या, व्रण पडले, टोचलेला पदार्थ जागा सोडून सरकू लागला. तेव्हा ती रीत सोडून द्यावी लागली. पुढे विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात इटली व फ्रान्समध्ये नळीने चरबी शोषून काढण्याची पद्धत निघाली आणि शेवटच्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलमन यांनी ती चरबी अलगद काढणे, निवळणे व कणाकणाने पेरणे यांस शिस्त आणली.

पेरणे हा शब्द मी जाणून वापरला आहे. नव्या जागी गेलेल्या चरबीस आरंभी स्वतःची रक्तवाहिनी नसते. भोवतालच्या मांसातून जो ओलावा झिरपेल त्यावर तिला काही दिवस जगावे लागते. कण बारीक असेल तर तो तग धरतो. गोळा मोठा असेल तर त्याचा गाभा उपाशी मरतो व तेथे तेलाची पिशवी किंवा कठीण गाठ होते. एकाच खड्ड्यात मूठभर बी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरी काय येते, हे सांगावयास नको. म्हणून शस्त्रवैद्य एक मिलिलिटरची लहान पिचकारी व बोथट तोंडाची बारीक नळी घेतात, नळी मागे ओढता ओढता थेंबाहून लहान कण सोडतात, आणि असे थर निरनिराळ्या दिशांनी घालतात.

तरीही मनुष्याचा अंगठा तो अंगठाच. नळीत चरबी किंचित अडकली की तो अधिक जोर लावतो, आणि अडथळा सुटताच नको तितकी चरबी एकदम आत जाते. हा दोष घालविण्यासाठी पिस्तुलासारखी हातात धरावयाची उपकरणे निघाली. तैवानमधील अशा एका उपकरणात चाप एकदा ओढला की मिलिलिटरचा साठावा ते दोनशे चाळिसावा भाग, जसे माप लावले असेल त्याप्रमाणे, तेवढाच बाहेर पडतो. यात केवळ नेटकेपणाचा प्रश्न नाही. भुवयांच्या मध्यभागी किंवा नाकाजवळ नळी धमनीत शिरली व दाब अधिक पडला, तर चरबी उलट वाहत जाऊन डोळ्याची रक्तवाहिनी बंद करू शकते. सौंदर्यासाठी गेलेल्या मनुष्याची दृष्टी कायमची गेल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहेत.

इतके सांगितल्यावर मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्या एका आतेबहिणीचा डावा गाल लहानपणीच्या एका विकाराने आत ओढला गेला होता. ती माझ्याहून वडील असून एका शाळेत शिकविते. ही शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार तिने घरात बोलून दाखविला, तेव्हा मी म्हणालो, "ताई, देह नश्वर आहे. गुण पाहणारा गाल पाहत नाही." पुजाऱ्याच्या घरात वाढल्यामुळे अशी वाक्ये माझ्या तोंडी सहज येतात.

ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अरे, तू माझ्याशी बोलतोस तेव्हा नेहमी माझ्या उजव्या बाजूस येऊन बसतोस. तुझ्या लक्षात तरी आहे का?"

माझ्या लक्षात नव्हते. पण ते खरे होते.

त्या रात्री मी वडिलांना विचारले. त्यांनी देहाविषयी काही न सांगता वज्रलेपाविषयी सांगितले. शतकानुशतकांच्या अभिषेकाने पाषाणाची मूर्ती झिजते, तेव्हा तिला वज्रलेप करितात. ते म्हणाले, "लेप मूर्ती नवी दिसावी म्हणून नसतो. जी झीज झाली ती भरावी आणि पुढची थांबावी, एवढ्यासाठी असतो. लेप देणाऱ्याने आपल्या आवडीचे नाक-डोळे करावयाचे नसतात. आणि झिजलेल्या मूर्तीस लेप देऊ नये असे म्हणणारा भक्त मी अजून पाहिला नाही."

या उत्तराने माझे दोन भ्रम गेले. एक, देह नश्वर आहे म्हणून त्याची डागडुजी व्यर्थ आहे, हा. देऊळही नश्वर आहे, तरी आपण त्याचा जीर्णोद्धार करितो. दुसरा भ्रम असा की, या प्रश्नात परीक्षा केवळ शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याची आहे. वस्तुतः पहिली परीक्षा पाहणाऱ्याची आहे. आपल्या याच पत्रिकेच्या शेवटच्या पानावर वधूवरांच्या सूचना येतात. त्यांत 'सुस्वरूप', 'गौरवर्ण' हे शब्द आपण किती सहज छापतो व किती सहज वाचतो! मुलगी पाहावयास जाणाऱ्या मंडळींची दृष्टी प्रथम कोठे जाते, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. दृष्टीने जखम करावयाची आणि ती भरून घेण्यास कोणी निघाले की वैराग्याचा उपदेश करावयाचा, हा न्याय नव्हे. तो उपदेश मी केला होता. त्याची लाज मला आजही वाटते.

तथापि याचा अर्थ प्रत्येक इच्छा योग्य आहे असा नाही. ज्याच्या चेहऱ्यात कोणतीही हानी झालेली नाही, केवळ चाळिशीची रेषा दिसू लागली आहे, तोही त्याच खाटेवर निजतो व त्याच्याही गालात तेच उपकरण तितकेच कण पेरते. उपकरणास दोघांतील भेद कळत नाही. तो भेद विवेकाने करावयाचा असतो. माझ्या मते कसोटी अशी: मी हरवलेले परत मागतो आहे, की काळापासून पळतो आहे? हरवलेल्यास सीमा असते. ते भरले की मागणे संपते. भयास सीमा नसते. आज गाल, उद्या कपाळ, परवा ओठ, आणि प्रत्येक वेळी तोच धोका. वय लपवू पाहणाऱ्याचा मी तिरस्कार करीत नाही, कारण म्हातारपणाचे भय त्यासही आपल्याच दृष्टीने शिकविले आहे. परंतु त्या भयावर पिचकारीत औषध नाही, एवढे त्याच्या हितचिंतकांनी त्यास प्रेमाने सांगावे.

माझ्या बहिणीने शस्त्रक्रिया करून घेतली. पेरलेल्या चरबीचा काही भाग शरीर पुन्हा शोषून घेते, हे तिला आधीच सांगितले होते, व तसेच झाले. काही महिन्यांनी गाल बराच भरलेला, पण उजव्यासारखा नव्हे, असा राहिला. पुन्हा एकदा करावयाचे काय, असे डॉक्टरांनी विचारले. ती म्हणाली, "पुरे."

उपकरण कणाचे माप मोजते. 'पुरे' हा शब्द मात्र मनुष्यालाच उच्चारावा लागतो, आणि तो उच्चारण्याचे बळ त्यास मिळावे म्हणून भोवतालच्यांनी आपली दृष्टी सुधारावी लागते. मी आता ताईच्या समोर बसतो. आरंभी ते मुद्दाम करावे लागले, हे कबूल करून हा लेख संपवितो.