आईच्या उशाशी बसलेली कविता



आई किंवा वडील अंथरुणाला खिळले की पोक्त झालेलं मूलही आतून पोरकं होऊ लागतं. मनात खूप दाटतं, पण ओठांवर काही येत नाही. अशा वेळी कविता साथ देते.

सैतो मोकिची हे जपानी कवी पेशाने मनोविकारांचे डॉक्टर. 1913 च्या मे महिन्यात आई अत्यवस्थ असल्याचं कळलं आणि ते तोक्योहून यामागाताकडच्या आपल्या गावी धावले. त्या दिवसांवर त्यांनी 59 तान्का रचल्या. तान्का म्हणजे जेमतेम 31 मात्रांची चिमुकली कविता.

त्यांत आक्रोश फारसा नाही. आईशेजारी आडवं झाल्यावर दूरच्या शेतांतून येणारा बेडकांचा आवाज आहे. आईचा प्राण जाताना घराच्या तुळईवर बसलेल्या, लाल गळ्याच्या दोन पाकोळ्या आहेत. पुढे चितेची आग आहे, आणि त्यानंतर डोंगरातली एकाकी भटकंती.

मुलाच्या डॉक्टरी विद्येलाही मरण थोपवता आलं नाही. मात्र त्या घटका त्याने डोळे उघडे ठेवून पाहिल्या, ऐकल्या आणि जशाच्या तशा लिहिल्या. म्हणूनच शंभरहून अधिक वर्षांनी, परक्या देशातल्या वाचकालाही त्यांत आपली आई भेटते.

आपल्या घरी कुणी थकलेलं, आजारी असेल, तर आज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. हात हाती घ्या. जे दिसेल, जे कानी पडेल, ते दोन ओळींत लिहून ठेवा. पुढे त्याच ओळी तुम्हाला सावरतील.