मागे राहिलेला सवंगडी

वैष्णवहो, शाळेतला सोबती अकाली गेला, त्याची आठवण धरणे हा मोह की धर्म? आत्म्यास मरण नाही हे पाठशाळेत घोकले, कीर्तनांतून शेकडो वेळा सांगितले. पण एका प्रसंगाने माझे तोंड बंद झाले.

हायस्कुलात आमच्या वर्गातला एक मुलगा दहावीच्या वर्षी, १९७७ साली, विहिरीत बुडाला. पुढे मी कीर्तनास उभा राहू लागलो तेव्हा निरूपणात त्याचा दृष्टांत येई. “तारुण्याच्या मस्तीत उडी घेतली, अन् काळानं झडप घातली!” श्रोते हळहळत. मलाही बरे वाटे. खोटे कशाला बोलू?

एकदा आरतीनंतर एक बाई पाया पडून म्हणाली, “महाराज, तो माझा भाऊ. मस्तीनं नव्हता गेला हो. शेजारच्या आजीची घागर विहिरीत पडली, ती काढायला उतरला होता.”

तीस वर्षे तो माझ्या निरूपणाच्या उपयोगी पडत होता, एवढेच.

नामदेवराय पाहा. १२९६ साली ज्ञानोबा माउली वयाच्या २१ व्या वर्षी आळंदीस समाधिस्थ झाली. नामदेव तेव्हा २६ वर्षांचे. ते पुढे १३५० पर्यंत जगले. समाधीच्या अभंगांत त्यांनी निवृत्तिनाथांचा शोक आहे तसा मांडला. एवढे ज्ञानी, पण रडले. ते त्यांनी झाकले नाही.

मी त्या बाईला बसवून घेतले. तो माझ्या मागच्या बाकावर बसे, याहून मला काही आठवेना. तो डावखुरा होता, हेही तिनेच सांगितले.