अंतर आणि शस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया दोन प्रकारे करता येते: पूर्ण स्तन काढायचा, किंवा गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून स्तन राखायचा. गाठ लहान असताना सापडली, तर दोन्हींत आयुष्य सारखेच मिळते. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९८१ साली आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ साली हे दाखवून दिले. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००२ सालीही, दोघांचा निष्कर्ष कायम राहिला. म्हणजे निवड आजार पाहून आणि बाईला विचारून व्हायला हवी. पण अमेरिकेतल्याच वृद्ध स्त्रियांच्या १९८६ सालच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्तन राखण्याचे प्रमाण एका राज्यात साडेतीन टक्के, तर दुसऱ्यात एकवीस टक्के निघाले. आजार तोच; गाव बदलले की शस्त्रक्रिया बदलत होती.

याचे एक मोठे कारण गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीहून नीट दिसते. स्तन राखला की आजार परतू नये म्हणून सहसा रेडिएशन घ्यावे लागते. हात डोक्यावर घेऊन टेबलावर निजायचे, त्वचेवरच्या खुणा जुळवायच्या, काही मिनिटांत काम संपते. मात्र जुन्या पद्धतीत हे सोमवार ते शुक्रवार, सलग पाच आठवडे चाले. एटापल्लीच्या बाईला त्यासाठी वर्षानुवर्षे नागपूर किंवा सेवाग्राम गाठावे लागले. नागपूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. त्या काही मिनिटांसाठी पाच आठवडे परगावी राहायचे. तेंदूपत्त्याचा हंगाम असेल तर मजुरी बुडते, रोवणी असेल तर शेत अडते, आणि सोबतीला आलेल्या माणसाचेही तेच होते. सरकारी योजनेतून उपचाराचा खर्च निघाला तरी ही मजुरी कोणी भरून देत नाही.

रेडिएशन अर्धवट सुटण्याचा धोका मोठा. म्हणून राहायची सोय नसलेल्या बाईला पूर्ण स्तन काढण्याचा सल्ला देणारा डॉक्टर चुकत नाही. पण तो निर्णय आजाराने घेतलेला नसतो, अंतराने घेतलेला असतो.

अंतर त्याआधीही आड येते. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, त्यामुळे लांबचा दवाखाना पुढे ढकलला जातो आणि गाठ वाढली की निवडच उरत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्याजणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आला: त्यांच्यात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. त्याला यंत्र लागले नाही. एटापल्लीच्या माडिया बोलणाऱ्या आशाताईलाही ही तपासणी शिकवता येईल.

रेडिएशनही आटोपशीर झाले आहे. ब्रिटनमधल्या २०२०च्या अभ्यासात एका आठवड्याचे पाच डोस तीन आठवड्यांच्या पंधरा डोसांइतकेच गुणकारी ठरले. योग्य रुग्ण निवडून हा मार्ग वापरला, आणि त्या आठवड्याची राहण्याची सोय व बुडालेली मजुरी उपचाराच्याच खर्चात धरली, तर एटापल्लीच्या बाईपुढे खरोखर दोन मार्ग असतील. मग तिने पूर्ण स्तन काढून घ्यायचे ठरवले, तरी ते तिने ठरवलेले असेल.