बाळाच्या बाटलीतलं पाणी

चि. सौ. मंजूस,


बाळाचे फोटो पाहिले. जावळ अगदी तुझ्यासारखं दाट. इथे लातुरात उकाडा आहे, काकांचा गुडघा आता बरा आहे. मेतकूट आणि डिंकाचे लाडू कुरिअरने धाडलेत. लाडू तूच खा, वाटत बसू नकोस.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस आणि तेव्हापासून मला चैन नाही. तुमच्याकडे सिकंदराबादला मंजिराचं पाणी दिवसाआड, एरवी बोअर, उन्हाळ्यात टँकर, आणि सगळं जमिनीखालच्या एकाच टाकीत, संपमध्ये. ऑफिस सुरू झालं की बाळाच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवणार. "खळखळून उकळते गं आत्या," म्हणालीस. राणी, उकळल्याने जंतू मरतात, पण पाण्यात विरघळलेलं नायट्रेट जात नाही. उलट पाणी जितकं आटेल तितकं त्याचं प्रमाण वाढतं.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही. सिकंदराबाद ग्रॅनाइटवर वसलेलं. खडकाच्या भेगांतून संडासाच्या टाक्यांचं, फुटक्या गटारांचं पाणी नायट्रेटसकट खाली झिरपतं आणि बोअर त्याच भेगांतलं पाणी ओढतो. आपल्या शिवारात युरियामुळे तेच होतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशभरातल्या पाच नमुन्यांपैकी जवळपास एकात नायट्रेट मर्यादेबाहेर निघालं. महाराष्ट्र, तेलंगण दोन्ही त्यात आहेत.

मोठ्यांना त्याचा एवढा त्रास होत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, तिथे नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. 1945 साली अमेरिकेत आयोवाच्या डॉक्टर कॉम्लींनी विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिणाऱ्या तान्ह्यांत हे ओळखलं. असं काही दिसलं तर घरचे उपाय करत बसू नकोस, तडक दवाखाना गाठ.

2016 च्या दुष्काळात इथे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. तेव्हा टँकरमधलं पाणी कुठल्या बोअरचं, हे विचारायची कुणाला सवड नव्हती. तुला आहे, तर विचार. नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये पाणी तपासतात. नायट्रेट हवं असं मुद्दाम सांग, नाहीतर नुसते जंतूच बघतील. लिटरला 45 मिलिग्रॅमच्या आत हवं. कागदावर 'नायट्रेट नायट्रोजन' लिहिलं असेल तर तोच आकडा साधारण 10 होतो, घोळ करू नकोस. बोअरचं पाणी पावसाळ्यानंतर पुन्हा तपास.

तोवर मंजिराचा नळ आला की संपमध्ये मिसळायच्या आत बाळापुरतं वेगळं, झाकून भर. आपलीच मांजरा ती, बीडच्या बालाघाटात उगवलेली. तेही पाणी उकळायचंच, पण जास्त आटवू नकोस. कँडल किंवा यूव्हीच्या फिल्टरवर विसंबू नकोस, त्याने नायट्रेट निघत नाही. आरओने निघतं, पण त्याचा पडदा वेळेवर बदलला तरच.

आणि जमलं तर तुझंच दूध काढून ठेव. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही. सहा महिने वरचं पाणी किंवा गुटी चमचाभरही नको. सासूबाईंना तू काही बोलू नकोस, मीच फोन करते, माझं ऐकतात त्या.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. वाचता येईल असा काढ.

तुझी,
आत्या